समईचा ठिपका

माझ्या आक्काचा उजवा डोळा गेला, त्यात माझ्या एका विनोदाचा मोठा वाटा आहे. विनोद प्रकाशावरचा होता, चांगला जमून आला होता, आणि झरीच्या शाळेत मंडपाखाली बसलेली शंभरेक माणसं त्याला खळखळून हसली होती. उभ्या नोकरीत माझ्या तासाला कोणी असं हसलं नव्हतं. परभणीला परतताना बसमध्ये मी तो मनातल्या मनात आणखी दोनदा सांगून पाहिला. दोन्ही वेळा मला तो आवडला.

आधी माझी ओळख करून देते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. परभणीतल्या एका कॉलेजात निवृत्त होईपर्यंत मी भौतिकशास्त्र शिकवलं. शिकवलं म्हणजे मी फळ्याशी बोलले आणि फळ्याने ऐकून घेतलं. पोरं गाईड पाठ करायची. एखादी गोष्ट जीव तोडून समजावून सांगावी आणि मागच्या बाकावरून विचारणा व्हावी, मॅडम, हे परीक्षेला येतंय का. सहकारी त्याहून थोर. घरातला फ्यूज गेला की वायरमनची वाट बघत अंधारात बसणारी ही मंडळी वर्गात विजेचं प्रकरण शिकवायची. प्रयोगशाळेतल्या भिंगांना बुरशी चढली होती आणि ती पुसणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं. मी या सगळ्यांना मनातून तुच्छ मानत आले. मनातून म्हणते तेही खोटंच, माझ्या तोंडावर ते स्वच्छ दिसायचं. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची बहुतेक रिकामी असायची.

हा गुण लहानपणचा आहे. आमचे वडील, आप्पा, पूर्णेला भुसार मालाच्या दुकानात बसायचे. सातवीत असताना मी चारचौघांत, गिऱ्हाइकांच्या देखत, त्यांच्या तराजूचा काटा एका अंगाला झुकतो हे त्यांना करून दाखवलं. आप्पांनी मला मारलं नाही. "आमच्या घरातलं शाणं माणूस हाय हे," एवढंच म्हणाले आणि तराजू उचलून आत नेऊन ठेवला. तेव्हापासून घरात माझं तेच नाव पडलं. शाण्या माणसाला विचारा, शाण्या माणसाला जेवायला बोलवा. शहाणा हा शब्द आपल्याकडे कौतुकालाही चालतो आणि थोबाडीत मारायलाही चालतो. मी तो आयुष्यभर कौतुकाचाच धरून चालले.

आक्का माझी सख्खी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. शाळा सातवीपर्यंत, मग लग्न होऊन झरीला. तिच्या यजमानांचं, म्हणजे आमच्या दाजींचं, तिथं खत-बियाण्यांचं दुकान आहे. दाजींना ठाऊक नाही अशी गोष्ट जगात नाही, आणि त्यांना कळली आहे अशीही नाही. सोयाबीनवर कोणती अळी पडली यापासून चंद्रावर पाणी का टिकत नाही इथपर्यंत सगळं ते काउंटरमागे बसून, तंबाखू मळत, गिऱ्हाइकाला समजावून देतात. गिऱ्हाईक उधारीवर असल्यामुळे ऐकून घेतं. त्यांचं पोट त्यांच्या आधी दुकानाबाहेर येतं. झरीला एक फेरी मारली की मला महिनाभर पुरेल इतका तिरस्कार मिळायचा, आणि मी तो जपून वापरायचे.

आम्ही लिंगायत, आमच्यात जन्मल्यावर गळ्यात लिंग बांधतात. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, कपाळाला भस्म लावायचं, लिंगावर बेलाचं पान वाहायचं आणि जवळ समई ठेवून त्याच्याकडे एकटक बघत बसायचं. लिंग लिंबाएवढं, काळ्या लेपाचं, गुळगुळीत. समईची ज्योत त्यात जवळजवळ मध्यावर ठिपक्याएवढी दिसते. बघायचं ते त्या ठिपक्याकडे. नोकरी लागली तसं माझं लिंग कपाटातल्या डबीत गेलं, ते अजून तिथंच आहे. आक्काने मात्र एक सकाळ चुकवली नाही. तिची समई डाव्या हाताला असते आणि तिची धग लागते, म्हणून डावा डोळा मिटून ती उजव्यानेच बघते, ही तिची कित्येक वर्षांची सवय. मी एकदा तिला म्हणालेही होते की बहिर्गोल आरशात दिवा बघण्यात कसली आलीय भक्ती. ती म्हणाली, तू बघून तर बघ कधी. मी काही बघितलं नाही.

मग एके दिवशी वर्तमानपत्रात कृष्णविवराचा फोटो आला. मध्ये काळं, भोवती नारिंगी कडं, तेही एका अंगाला जाड आणि एका अंगाला बारीक. फोटो धूसर होता. मी ओट्यापाशी उभ्याने तो पाहिला आणि मला रडू आलं. आयुष्यभर फळ्यावर खडूने गोल काढून सांगितलेली गोष्ट खरोखरच तशी निघाली होती. माझ्या भोवतीच्या एकाही माणसाला हे सांगून उपयोग नव्हता. मी डोळे पुसले आणि पोळ्या लाटल्या.

दुपारी दाजींचा फोन. त्यांनी तो फोटो कापून, लॅमिनेट करून, दुकानात कीटकनाशकाच्या कॅलेंडरशेजारी लावला होता. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते की हे मधलं काळं म्हणजे शंकराची पिंड आणि भोवतीचं कडं म्हणजे उजेडाची अखंड प्रदक्षिणा, आणि आपल्या लोकांना हे पूर्वीच ठाऊक होतं. आपल्या लोकांना सगळं पूर्वीच ठाऊक असतं, फक्त दुसऱ्याने शोधून काढल्याशिवाय ते आठवत नाही. मी म्हणाले, "दाजी, शंकराला पूर्ण प्रदक्षिणा नसते. पन्हळीपर्यंत जायचं आणि माघारी फिरायचं. निदान थाप तरी धर्माला धरून मारा." दाजी गडगडून हसले. अपमान हा प्रकार त्यांच्या अंगाला लागतच नाही, तेलकट ताटावरून पाणी जातं तसा तो निघून जातो. उलट त्यांनी तिथल्या तिथं माझं व्याख्यान ठरवून टाकलं. शाळेत, रविवारी सकाळी, विषय कृष्णविवराभोवती प्रकाश कसा फिरतो.

मी गेले. नाही म्हणावं असं मनात होतं, पण खरं सांगायचं तर मला बोलावणं आवडलं होतं. ज्यांना आपण गावंढळ म्हणतो त्यांनी हार घालावा ही हौस मला होतीच.

आठच्या सुमारास आक्काच्या घरी पोचले तेव्हा ती पूजेला बसली होती. मला बघून तिने खुणेने जवळ बोलावलं. हातातलं लिंग न हलवता, डावा डोळा मिटलेलाच ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, एक सांगू का? पयले समईचा ठिपका बरोबर मधी दिसायचा. आता मधी बघितलं की दिसतच न्हाई. जरा बाजूला बघितलं की कडंला दिसतोय. दिवा तोच हाय, हात बी तोच हाय. असं कामून व्हायलंय?"

पुढे तिने समोरच्या दाराकडे बोट केलं. लिंगावरून नजर उचलून तिकडे बघितलं की चौकटीचं उभं लाकूड मध्येच वाकडं दिसतं, म्हणाली. दाजींना सांगितलं होतं. त्यांनी तिच्यासमोर तो लॅमिनेट केलेला फोटो धरला आणि विचारलं, असंच दिसतं का, मध्ये काळं नि कडेनं उजेड? ती म्हणाली, असंच काहीतरी. झालं. त्या दिवसापासून दाजी गावभर सांगत होते की पूजेचं फळ मिळालं, आमच्या घरात दर्शन झालं. आक्काला ते पटलेलं दिसत नव्हतं. पटलं असतं तर तिने मला विचारलंच नसतं. नवरा दर्शन म्हणत असताना तिने ही गोष्ट माझ्यासाठी राखून ठेवली होती, कारण घरातलं शाणं माणूस मी होते.

मी तिचं ऐकलं ते चप्पल काढता काढता. एवढंच कळलं की दाजींनी हिच्याही डोक्यात भुसा भरला. मी म्हणाले, आक्का, तू तरी त्यांच्या नादी लागू नको, आणि चहा टाक, मला उशीर होतोय. ती बरं म्हणाली आणि उठली.

शाळेत मंडप होता, हार होता, नारळ होता. दाजींनी माझी ओळख करून देण्याच्या निमित्ताने पाव तास स्वतःचीच ओळख करून दिली. शेवटी त्यांनी सांगितलं की मॅडम आज जे पुस्तकातून सांगणार आहेत ते आमच्या घरी रोज सकाळी प्रत्यक्ष दिसतं. बायकांच्या रांगेत आक्का पुढे बसली होती. सगळ्या तिच्याकडे वळून बघू लागल्या. तिने मान खाली घातली.

मी उठले आणि सांगायला लागले. मी चांगली सांगते, हे मला माहीत आहे. उरुसात मौतका कुवा असतो ना, लाकडी विहिरीच्या भिंतीवर मोटारसायकल गोल फिरते, ती सगळ्यांनी पाहिलेली. तिथून सुरुवात केली. वस्तू जितकी जड आणि जितकी दाबून बसवलेली, तितकी तिच्या जवळून जाणारी वाट वाकते, आणि उजेडालाही त्याच वाटेने जावं लागतं. कृष्णविवर इतकं जड आणि इतकं आवळलेलं की त्याच्या काठाच्या आत गेलेला उजेड परत येत नाही. पण मधल्या बिंदूपासून काठ जितका लांब, त्याच्या दीडपट अंतरावर एक जागा अशी आहे की तिथं आडवा आलेला उजेड सरळ जाऊ शकत नाही आणि आतही पडत नाही. तो गोल फिरतो.

माना डोलल्या. दाजींनी विजयी मुद्रेने भोवती बघितलं. मी त्यांची मुद्रा उतरवायला टपलेलीच होते.

पण हे फिरणं टिकत नाही, मी म्हणाले. म्हशीच्या पाठीवर लिंबू ठेवा. अगदी कण्यावर ठेवलं तर राहील, पण म्हशीने अंग थरथरवलं की या अंगाला तरी पडेल नाहीतर त्या अंगाला. उजेडाचं तसंच. केसभर आत सरकला की गेला विवरात, केसभर बाहेर सरकला की सुटला. कोणी अर्धी फेरी मारून सुटतो, कोणी एक, कोणी दोन. फोटोतलं कडं म्हणजे असा वळसा घालून निसटलेला उजेड. जो आत पडला तो आपल्याला दिसत नाही. अखंड प्रदक्षिणा तिथं कोणी घालत नाही, दाजी.

मग मी त्यांना माझ्या आवडीची गोष्ट सांगितली. त्या जागी माणूस उभा राहू शकला असता तर त्याच्या पाठीवरून निघालेला उजेड वळसा घालून त्याच्याच डोळ्यांत आला असता. समोर बघितलं की आपलीच पाठ. एका म्हातारीने विचारलं, मग आंबाडा नीट बसला का ते बी दिसंल? दिसेल, म्हणाले. बायका खूश झाल्या.

आणि इथं मला तो विनोद सुचला. सकाळचं आक्काचं बोलणं जिभेवर होतंच. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, "आता आमच्या आक्काला घरातली चौकट वाकडी दिसते. दाजी म्हणतात दर्शन झालं. दर्शनबिर्शन काही नाही. जड वस्तूजवळ उजेड वाकतो, आताच सांगितलं. चौकटीत दाजी उभे असतील."

मंडप हसला. पोरं बाकं वाजवायला लागली. दाजी सगळ्यांत जास्त हसले, पोट धरून. आक्काही पदर तोंडावर धरून हसली. मला वाटलं, एकदाचं या माणसाचं वजन उतरवलं.

तिने तो विषय मग कधीच काढला नाही. मी दोनदा झरीला गेले, ती तीनदा परभणीला आली, चौकटीबद्दल किंवा ठिपक्याबद्दल अवाक्षर नाही. भर सभेत हसं झाल्यावर कोण बोलेल? दाजींचं दर्शन मात्र जोरात चालू राहिलं. शेजारच्या गावातून कोणी बायका तिच्या पाया पडायला येऊन गेल्या असं ऐकलं, तेव्हा मी फोनवर तासभर तणतणले. लोक किती मूर्ख असतात यावर मी तासभर बोलू शकते.

आठ महिन्यांनी एका लग्नाला म्हणून आक्का माझ्याकडे मुक्कामी आली. सकाळी ती माझ्या पुढच्या खोलीत पूजेला बसली. उकडत होतं म्हणून मी पंखा जोरात केला. तिने चिमटीत घेतलेलं भस्म उडालं आणि तिच्या डाव्या डोळ्यात गेलं. मी पाणी घेऊन धावले. डावा डोळा हाताने घट्ट दाबून धरून तिने उजव्या डोळ्याने माझ्याकडे वर बघितलं, आणि तशीच बघत राहिली.

"तुझं तोंड कुठं गेलं?" ती म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करते. ती मान जरा इकडे, जरा तिकडे वळवत होती, पाखरू दाणा बघतं तशी. "केस दिसायलेत. कानातलं दिसायलंय. मधी तोंडच न्हाई की गं तुला."

मी तांब्या खाली ठेवला. तिला न्हाणीघरात नेलं, भिंतीच्या पांढऱ्या फरशांसमोर उभं केलं, डावा डोळा झाकायला लावला आणि विचारलं, फरशांच्या रेघा कशा दिसतात? मध्ये भोक, म्हणाली, नि भोकाच्या कडेने रेघा वाकलेल्या. उजवा झाकायला लावला. त्या डोळ्याला रेघा सरळ होत्या, फक्त एक जराशी लवल्यासारखी. सगळं मिळून दोन मिनिटं लागली. एक हात, एक भिंत, बाकी साहित्य काही नाही. हाच प्रयोग मी आठ महिन्यांपूर्वी चप्पल न काढताही करू शकले असते.

परभणीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरने आत बघितलं आणि त्याच दिवशी चिठ्ठी देऊन नांदेडला पाठवलं, पडद्याच्या तज्ज्ञाकडे. दाजी झरीहून थेट तिथं आले. आम्ही तिघं तज्ज्ञासमोर बसलो. माणूस तरुण होता, थकलेला होता, आणि त्याला माणसांचा तिटकारा आला असावा असं मला वाटलं. मला तो लगेच आवडला.

त्याने सांगितलं ते असं. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध, जिथं आपण नेम धरून बघतो, त्या जागेखाली नको त्या बारीक नसा वाढतात. त्या झिरपतात, फुटतात. पडदा उचलला गेला की सरळ रेघ वाकडी दिसते, ती पहिली खूण. मग मध्ये काळा डाग धरतो. सुरुवातीलाच डोळ्यात इंजेक्शन दिलं तर बहुतेक वेळा थांबतं. उजव्या डोळ्यात आता व्रण धरला होता, तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. डाव्यात नुकती सुरुवात होती, तो डोळा वाचवता येईल, पण इंजेक्शनं चुकवायची नाहीत.

मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात ते लिंग फिरत होतं. डाग आला तो काळ्या वस्तूवर आला. काळ्यावर काळं पडलं, कोणाला कसं कळावं, असं म्हणून मी स्वतःला सोडवू बघत होते. पण तिला कळलं होतं. गोल पृष्ठभागावरचा ठिपका आपोआप जागा सोडत नाही. दिवा हलला, हात हलला किंवा बघणारा डोळा बदलला तरच तो हलतो. दिवा तोच आणि हात तोच, हे तिने न विचारता सांगितलं होतं. मग राहिलं काय? गाईड पाठ करणाऱ्या माझ्या पोरांना हे घातलं असतं तर त्यांनीही तिसरं उत्तर लिहिलं असतं. सातवी शिकलेल्या बाईने निरीक्षण अचूक मांडलं होतं, आणि प्रकाश शिकवून पेन्शन खाणाऱ्या बाईने त्याचा विनोद केला होता.

डॉक्टरने आक्काला विचारलं, रेघा वाकड्या दिसायला लागून किती दिवस झाले. तिने हिशेब करून सांगितलं, वरीस होत आलं. तो चिडला. इतके दिवस कोणाला सांगितलं का नाही, म्हणाला.

"सांगितलं की," आक्का म्हणाली. "घरातल्या शाण्या माणसाला सांगितलं."

डॉक्टरने दाजींकडे बघितलं. साहजिकच होतं. घरातलं माणूस म्हटल्यावर तो आणखी कोणाकडे बघणार? दाजींनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मान खाली घातली. त्यांना माझं ते घरातलं नाव कसं ठाऊक असणार? ते नाव आप्पांच्या घरातलं, आप्पांबरोबर गेलेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाला गप्प बसलेला बघितला. डॉक्टर त्यांना चार शब्द बोलला, तेही त्यांनी ऐकून घेतले.

आणि मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीवर पाण्याची टाकी होती. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, ते शाणं माणूस मी. माझ्याने झालं नाही. ज्या माणसाला मी आयुष्यभर हलका समजले त्याच्या माथी माझी चूक जात होती, आणि मी ती जाऊ दिली. वर मला बरंही वाटलं, हेही लिहून टाकते. भित्र्या माणसाइतकी किळस मला कोणाचीच येत नाही. त्या दिवसापासून ती घरच्या घरी मिळते.

त्यानंतर दाजी बदलले. दुकानातला फोटो काढला. दर्शनाला आलेल्या बायकांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं, आणि त्यातल्या एकीला डोळे तपासून घे म्हणाले. इंजेक्शनाची तारीख आली की दुकान बंद करून ते स्वतः आक्काला नांदेडला नेतात, पायऱ्या उतरताना हात धरतात, घरी आणून डोळ्यांत थेंब घालतात. पन्नासेक वर्षांच्या संसारात या माणसाने बायकोच्या हातात पाण्याचा पेला दिला नव्हता. आता सकाळी समईची वातही तेच लावतात. आक्का अजून पूजा करते. आता उजवा डोळा मिटून डाव्याने बघते, आणि त्या डोळ्याचा ठिपका अजून मध्ये आहे. दर सकाळी ठिपका दिसला की ती मोठ्याने "हाय" म्हणते, आणि दारात उभे असलेले दाजी आत जाऊन चहा टाकतात.

हे एकदा मी डोळ्यांनी बघितलं आणि मला ते सोसवेना. त्या दिवशी दाजी दुकानात गेल्यावर मी आक्कासमोर बसले. म्हणाले, मी दाजींना सांगणार आहे. ते शाणं माणूस मी होते, तू मला सांगितलं होतंस, मी हसले, डॉक्टरसमोरही गप्प बसले. सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही. मला वाटलं ती रडेल, किंवा जाऊ दे म्हणेल. समजूतदार बायका म्हणतात तसं काहीतरी. तेवढ्या माफीवर माझं भागलं असतं.

आक्का तांदूळ निवडत होती. ताट जरा बाजूला धरून, मान वळवून. हात न थांबवता ती बोलली, आणि तिच्या आवाजात मला पहिल्यांदा माझाच सूर ऐकू आला.

"मला काय ठाव नव्हतं का तवा? डाक्टरनं ह्यायच्याकडं बघितलं, मी बी गप ऱ्हायले. ह्यायला वाटतंय आपलं चुकलं, म्हणून जिंदगीत पयल्यांदा माझ्याकडं बघायलेत. तू तुझं वझं हलकं करायला माझं एवढं घालवू नको."

मी काहीतरी बोलायला गेले. तिने एक खडा उचलून बाजूला टाकला.

"तूच सांगितलं न्हवं साळंत, तिथं उभं ऱ्हायलं की आपली पाठ आपल्याला दिसती म्हणून? तुला दिसली न्हवं? मंग तूच बघत बस."

दाजी वर्तमानपत्राखेरीज काही वाचत नाहीत, त्या भरवशावर मी हे लिहिलं आहे. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. मागच्या महिन्यात डाव्या डोळ्याचं इंजेक्शन झालं आणि दाजींनी मला फोन करून सांगितलं की डोळा आहे तसा आहे, मॅडम, तुमी काळजी करू नका. मी त्यांना बरं म्हणाले.